ओ

मुरारला, छावणीच्या मागच्या गल्लीत,
मीटर नंबर शून्य चार सात नऊ.
ग्राहकाचं नाव: डिस्कोलाल.

मला वाटलं, असेल कोणी शौकीन बापाचा मुलगा.
दार उघडलं एका गोऱ्या म्हातारीनं,
फुलाफुलांचा झगा, बोटांना लसणाची सालं.
"ड्रिस्कॉल," ती म्हणाली. "तेहतीस साल से बता रही हूँ
तुम्हारे दफ़्तर को."
मग चष्मा वर करून माझा बिल्ला वाचला.
"जासूस?"
"जासूद. दौतीचा द."
"बिजलीवालों ने जासूस भेजा," ती आत बघून ओरडली.
आत कोणी नव्हतं.

मला सवय आहे.
लश्करात सगळे तेच वाचतात.
कोणे एके काळी फौजेबरोबर दक्षिणेतून आलो,
निरोप घेऊन पळायचं काम,
घोडा मिळाला तर घोड्यावर, नाहीतर तळव्यांवर.
मीटर वाचता वाचता आमचं आडनाव मी मोजलंय:
दौलतगंजात तीन,
माधवगंजात एक, कनेक्शन कापलेलं,
चिटणीसांच्या गोठीत नुसती पाटी, राहतात गुप्ता.
बडोद्याच्या चुलत्यांनी जाधव लावलं, सोपं पडतं म्हणे.
मूळ गाव साताऱ्याकडे कुठेतरी.
आजोबांना नाव ठाऊक होतं,
सांगायचं राहिलं.

तिच्याकडे मात्र नकाशे होते,
पर्थच्या भाच्यानं पाठवलेले.
पहिल्या पानावर आयर्लंडचं खालचं टोक,
समुद्रात पाय सोडून बसलेलं,
आणि तिथे ठिपके असे दाट
की कोणी मोहरी सांडावी.
दुसऱ्या पानावर बटाटे कुजून गेलेले.
मोहरी विरळ झाली,
लिव्हरपूलला मूठभर, बॉस्टनला ओंजळ,
काही दाणे पार पानाच्या कडेला.
शेवटच्या पानावर हिंदुस्थान.
कोरा.
तिथे तिनंच पेन्सिलीनं एक ठिपका दिलेला,
हात हलला असावा,
तो भिंडमध्ये पडलाय.

"पहले इसमें ओ था," ती म्हणाली,
"ओ यानी नाती-पोता.
भरतीवाल्या सार्जंटच्या खाने में नहीं समाया,
काट दिया."
"आणि ड्रिस्कॉल?"
"वो जो दो लोगों के बीच
बात पहुँचाए. ऐसा कहते हैं."

मी रीडिंग टिपलं: चार हजार दोनशे अकरा.
काहीतरी बोलायला हवं होतं.
सायकलला टांग मारली.

घरी आई हाक मारायची, आणि मी गच्चीत पतंगात.
"अरे, ओ तरी दे!"
तेवढ्यासाठीच तर असतो तो,
एक अक्षर, जास्त काही नाही,
की आहे, इथेच आहे,
तुझाच आहे.
आणि तो कापून टाकला कोणी
रकाना लहान म्हणून.

मार्चमध्ये दाराला कुलूप.
शेजारचे भदौरिया म्हणाले, फरवरी में ही.
कनेक्शन तोडायचा फॉर्म मी भरला.
पूर्ण नाव: कॉन्स्टन्स ओ'ड्रिस्कॉल.
"ये ओ क्या है?" बाबूनं विचारलं.
"नातू."
"किसका?"
एवढं विचारायचं राहून गेलं होतं माझं.

अखेरचं बिल आलं, अडतीस रुपये,
ओ डिस्कोलाल.
नियम असा की तोडण्याआधी फाटकात उभं राहून
तीनदा नाव पुकारायचं.
मी पुकारलं.
दुसऱ्या वेळी पेरूच्या झाडावरून एक खार उतरली,
थांबली, परत चढली.
तिसऱ्या वेळी आवाज नीट निघाला नाही.

अडतीस रुपये मीच भरले.
पावतीवर, भरणाऱ्याचं नाव:
जासूस.